कल्चरचा रिपोर्ट हातात आला, आता? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लॅबच्या रिपोर्ट-खिडकीवर, फोनवर आणि हल्ली मुख्यतः व्हॉट्सअॅपवर पुन्हापुन्हा येणारे हे प्रश्न. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. साखरेच्या किंवा हिमोग्लोबिनच्या रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी 'नॉर्मल किती' ते छापलेलं असतं, त्यामुळे घरचं कुणीही तो वाचतं. जंतूंच्या रिपोर्टला ती सोय नाही. इथली उत्तरं रिपोर्ट समजावा म्हणून आहेत. औषध ठरवायला डॉक्टरच लागतात.

१. डॉक्टरांनी लघवीची 'रुटीन' आणि 'कल्चर' अशा दोन तपासण्या लिहिल्यात. एकाच लघवीच्या दोन तपासण्या कशाला?

रुटीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी (रिपोर्टमधल्या 'पस सेल्स'), रक्तपेशी, साखर, प्रथिनं बघतात. तासाभरात काम होतं. मूत्रमार्गात काहीतरी धुमसतंय एवढं त्यातून कळतं, पण कशामुळे ते कळत नाही. कल्चर म्हणजे जंतूंना खायला घालून वाढवणं. लघवीचा थेंबभर अंश पोषक जेलीच्या प्लेटवर ओढायचा आणि प्लेट ३५-३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी एकेका जंतूपासून वाढलेला लाखोंचा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. ई. कोलाय असेल तर मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर डाळिंबी ठिपके उठतात. क्लेबसिएलाचे ठिपके चिकट असतात, तारेने उचलले तर पाकासारखी तार सुटते. स्युडोमोनास असेल तर झाकण उघडताच पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. मशीन आली तरी अनुभवी माणसाला निम्मी ओळख इथेच पटते.

२. बाकीचे रिपोर्ट संध्याकाळी मिळतात, कल्चरलाच तीन दिवस का?

जंतूंना घाई करता येत नाही. पहिली रात्र वाढायला, दुसरा दिवस ओळख पटवायला आणि औषधांसमोर ठेवायला, आणि ते बघायला पुन्हा १६ ते २४ तास. लघवीचा किंवा पसाचा कल्चर म्हणून ४८ ते ७२ तास घेतो. रक्ताचा निगेटिव्ह म्हणायला साधारण ५ दिवस थांबतात. क्षयरोगाचा जंतू दुप्पट व्हायलाच १५ ते २० तास घेतो, त्यामुळे त्याचा कल्चर आठवड्यांमध्ये मोजायचा (प्रश्न १६).

मधल्या काळात 'प्रिलिमिनरी' असं लिहिलेला रिपोर्ट मिळू शकतो. त्यावरचं '२४ तासांनंतर ग्रोथ नाही' हे वाक्य अंतिम समजू नका. 'फायनल' शब्द आहे का ते बघा.

३. बाबांच्या रिपोर्टमध्ये 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' लिहिलंय. म्हणजे निगेटिव्हच ना?

नाही. हा गैरसमज आम्ही वर्षभर निस्तरत असतो.

हान्स क्रिस्तियान ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर. १८८४ साली बर्लिनमध्ये काम करताना त्याने जंतू रंगवायची एक पद्धत मांडली. जांभळा रंग द्यायचा, आयोडीन घालायचं, मग स्पिरिटने धुवायचं. ज्यांची भिंत जाड ते जांभळेच राहतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांचा रंग धुऊन जातो त्यांना पुढे दुसऱ्या रंगाने गुलाबी करतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. म्हणजे हे रंगाचं नाव आहे, निकालाचं नव्हे. ई. कोलाय, क्लेबसिएला, टायफॉइडचा साल्मोनेला हे सगळे ग्रॅम निगेटिव्हच. 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय दिसले' याचा अर्थ दांडीच्या आकाराचे जंतू सापडले.

एका गृहस्थांनी हे दोन शब्द वाचून घरी 'निगेटिव्ह आलं' असा फोन केला आणि वडिलांच्या गोळ्या थांबवल्या. चौथ्या दिवशी वडील थंडी वाजून आडवे. तेव्हापासून आम्ही त्या ओळीखाली 'जंतू आढळले' असं मराठीत छापतो.

४. लघवीत 'एक लाखापेक्षा जास्त' जंतू आलेत! फार गंभीर आहे का?

आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण जंतूंच्या जगात हा आकडा मोठा नाही. बोस्टनमधल्या एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात दाखवलं, की धरताना चुकून मिसळलेले जंतू कमी असतात आणि खऱ्या संसर्गात ते मिलिलिटरमागे १,००,००० च्या वर जातात. तीच रेघ आजही रिपोर्टमध्ये दिसते, कुठे '१० चा पाचवा घात' अशी, कुठे 'एक लाख सीएफयू' अशी. सीएफयू म्हणजे वसाहत करू शकणारा जंतू. लॅबमधल्या लूपमध्ये लघवीचा एक हजारावा मिलिलिटर मावतो, म्हणून प्लेटवर १०० ठिपके आले की आम्ही लाख लिहितो.

ही रेघ लक्ष्मणरेषा मात्र नाही. जळजळ होत असलेल्या तरुणीच्या लघवीत ई. कोलायचे हजारच आले तरी ते खरे असू शकतात. नळीतून घेतलेल्या नमुन्यातही कमी आकड्याला अर्थ असतो. उलट, त्रास नसताना लाख आले तर ती वेगळी गोष्ट (प्रश्न ६). आजार किती गंभीर हे आकड्यापेक्षा ताप, थंडी, कंबरेतली दुखणी, उलट्या यांवरून ठरतं.

५. 'मिक्स्ड ग्रोथ, कृपया पुन्हा नमुना द्या' असं आलंय. चूक तुमची, पैसे आमचे?

राग समजतो. पण लघवीच्या रिपोर्टचा अर्धा भाग संडास-बाथरूममध्येच लिहिला जातो. प्लेटवर तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू उगवले तर ते बहुधा कातडीवरचे आणि योनीमार्गातले असतात. त्यातला एक उचलून त्याला 'गुन्हेगार' ठरवणं लॅबला सोपं आहे. ग्राहकही खूश होईल, पण नको ते अँटिबायोटिक पोटात जाईल.

नमुना असा घ्या. लॅबमधूनच निर्जंतुक डबी न्या. घरी उकळलेली हॉर्लिक्सची बरणी किंवा खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली नको. हात धुवा, जागा साध्या पाण्याने स्वच्छ करा, डेटॉल-सॅव्हलॉन नको. सुरुवातीची लघवी सोडून द्या, मधली डबीत धरा, शेवटची पुन्हा सोडून द्या. डबीला आतून बोट लावू नका. शक्यतो सकाळची पहिली लघवी, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी.

यापुढचा भाग कुणी सांगत नाही. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचली पाहिजे. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये, दुधाच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या नव्हे. तिथे ती २४ तासांपर्यंत चालते. मे महिन्यात एक मावशी तालुक्याहून एसटीने डबी घेऊन आल्या, पिशवीत, भाजीशेजारी, तीन तास. जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात एवढंच धरलं तरी तीन तासांत ६४ पट. हजाराचे ६४,००० झाले. असा नमुना आम्ही परत करतो. मावशींना वाटलं आम्ही नखरे करतोय.

६. आईला काहीच त्रास नाही. नुसतं चेकअप म्हणून कल्चर केला तर ई. कोलाय निघाला. औषध सुरू करू का?

बहुतेक वेळा नाही. मूत्राशयात जंतू असणं आणि मूत्राशयाचा आजार असणं या दोन गोष्टी आहेत. वयस्कर बायकांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्यांमध्ये जंतू गुपचूप राहतात, उपद्रव करत नाहीत. त्यांना मारायला गेलो तर ते जातात आणि त्यांच्या जागी जास्त हट्टी येतात.

दोन ठळक अपवाद आहेत. बाई गरोदर असेल तर त्रास नसतानाही उपचार करतात, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका असतो. आणि मूत्रमार्गाची रक्तस्राव होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्या आधी. लघवी गढूळ आहे किंवा तिला वास येतो, एवढ्यावर कल्चर करायचंच कारण नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. पस सेल्स 'भरपूर' आणि कल्चर 'नो ग्रोथ'. असं कसं?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आधी घेतलेल्या गोळ्या. मेडिकलमधून आणलेल्या दोन सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यासुद्धा प्लेट कोरी ठेवायला पुरतात. नमुना देताना 'कालपासून अमुक गोळी चालू आहे' हे फॉर्मवर लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरं कारण म्हणजे मुतखडा. तिसरं, आमच्या नेहमीच्या प्लेटवर न वाढणारे जंतू, उदाहरणार्थ क्लॅमिडिया. आणि आपल्या देशात न विसरायचं चौथं, मूत्रपिंडाचा क्षयरोग. लघवीत पुन्हापुन्हा पस येतो, कल्चर दरवेळी कोरा, वजन उतरतंय, अशा वेळी 'अजून एकदा कल्चर' न करता टीबीची तपासणी मागायला हवी.

८. औषधांच्या यादीपुढे एस, आय, आर अशी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ काय?

एस म्हणजे नेहमीच्या डोसमध्ये औषध या जंतूवर चालण्याची शक्यता चांगली. आर म्हणजे ते निष्फळ ठरण्याची शक्यता जास्त. आय हे अक्षर लोकांना 'अर्धवट' वाटतं. युरोपच्या युकास्ट समितीने २०१९ मध्ये त्याची व्याख्याच बदलली. 'जास्त डोस दिला किंवा औषध त्या जागी साठत असेल तर चालेल' असा तिचा अर्थ. अमेरिकेच्या सीएलएसआय या तशाच संस्थेच्या नियमांत आय थोडा वेगळा आहे. भारतातल्या लॅब यातलं एक नियमांचं पुस्तक वापरतात, रिपोर्टच्या तळाला ते लिहिलेलं असतं.

हे ठरतं कसं? जुनी आणि अजून चालणारी पद्धत म्हणजे किर्बी-बावर. प्लेटभर जंतू पसरायचे, वर औषधात बुडवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक टिकलीभोवती जंतू न वाढलेलं रिंगण पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. औषध चालत असेल तर टिकलीभोवती चंद्राच्या खळ्यासारखं स्वच्छ वर्तुळ दिसतं. आर असेल तर जंतू थेट टिकलीला भिडलेले असतात. रिंगण मोठं म्हणून औषध जास्त भारी असं नाही, प्रत्येक औषधाची हद्द वेगळी.

९. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६ आहे, सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ०.५. कमी आकडा चांगला, मग सिप्रोच घ्यावी ना?

इथेच घोळ होतो. तो आकडा एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागलेली औषधाची किमान मात्रा. पण तो त्याच औषधाच्या स्वतःच्या हद्दीशी ताडायचा, शेजाऱ्याशी नाही. ई. कोलायसाठी सीएलएसआयच्या नियमांत नायट्रोफ्युरँटॉइन ३२ पर्यंत एस आहे, म्हणून १६ उत्तम. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ०.२५ पर्यंतच एस, म्हणून ०.५ ला आय. सोनं ग्रॅमवर विकतात आणि कांदा किलोवर, आकड्यांची तुलना कशी करणार?

आणखी एक. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात साठतं, रक्तात फारसं उरत नाही. मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या किंवा ताप-थंडीच्या संसर्गात ते 'एस' असलं तरी उपयोगाचं नाही. जंतू कुठे आहे हे प्लेटला माहीत नसतं.

१०. सगळीकडे आर-आर-आर. म्हणजे आता औषधच नाही? आणि एकट्या कोलिस्टिनपुढे 'आय' का?

ई. कोलाय आणि क्लेबसिएलाच्या रिपोर्टमध्ये 'ईएसबीएल' असा शेरा दिसला तर तो जंतू सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोनसारखी औषधं तोडणारं विकर तयार करतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेमलाही दाद न देणारे. आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं) या प्रतिरोधावर नजर ठेवणारं जाळं २०१३ पासून देशातल्या रुग्णालयांमधून माहिती गोळा करतंय.

तरी 'औषधच नाही' ही वेळ क्वचितच येते. मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनसारखी जुनी औषधं अनेकदा एस निघतात. मोठ्या अक्षरांतल्या आरमध्ये ती शेवटच्या ओळीत हरवतात, म्हणून यादी खालपर्यंत वाचा.

कोलिस्टिनचं 'आय' ही चूक नाही. २०२० पासून सीएलएसआयने त्याचा 'एस' हा रकानाच काढून टाकला, कारण औषध मूत्रपिंडाला त्रास देतं आणि एकट्याने फारसं भरवशाचं नाही. तिथे आय हाच सगळ्यात चांगला निकाल.

११. डॉक्टरांनी दिलेलं औषध तुमच्या यादीतच नाही. लॅबने तपासायचं राहिलं का?

बहुधा राहिलेलं नाही. काही औषधं दुसऱ्याच्या वतीने तपासली जातात. स्टॅफिलोकोकसवर सेफॉक्सिटिनची टिकली ठेवतात आणि त्यावरून तो 'एमआरएसए' (मेथिसिलिनला दाद न देणारा) आहे की नाही हे, आणि पेनिसिलिनच्या कुटुंबातल्या बऱ्याच औषधांचं भवितव्य ठरतं. साध्या औषधांनी काम भागत असेल तर जबरी औषधं मुद्दाम छापत नाहीत, नाहीतर यादीतलं सर्वांत महागडं नाव उचलायचा मोह होतो.

तिसरा प्रकार जन्मजात प्रतिकाराचा. एन्टरोकोकसवर सेफॅलोस्पोरिन (सेफिक्झिमच्या कुटुंबातली औषधं) चालतच नाहीत, क्लेबसिएलावर अँपिसिलिन चालत नाही, प्रोटियसवर नायट्रोफ्युरँटॉइन नाही. तपासून उपयोग नसतो, म्हणून ओळच नसते. एखाद्या लॅबने एन्टरोकोकसपुढे सेफॅलोस्पोरिन 'एस' छापलं असेल तर मी त्या अख्ख्या रिपोर्टवर शंका घेईन.

१२. 'एस' असलेलं औषध चार दिवस चालू आहे, ताप हटत नाही.

संसर्गतज्ज्ञांमध्ये 'नव्वद-साठ' म्हणून एक ढोबळ नियम आहे. एस असलेल्या औषधाने सुमारे ९० टक्के रुग्ण बरे होतात, आर असलेल्यानेही सुमारे ६० टक्के. काही श्रेय शरीराचं, काही काप दिलेल्या गळवाचं. म्हणून उरलेल्या दहांत आपण असू शकतो. बघण्यासारख्या गोष्टी: कुठे पस साठलाय का (तिथे औषध पोचत नाही, सर्जन लागतो), मुतखडा किंवा जुना कॅथेटर अडलाय का, डोस वजनाप्रमाणे आहे का, आणि मुळात ताप दुसऱ्याच कशाचा आहे का. शेवटचं लोक विसरतात. लघवीतला जंतू खरा असला तरी ताप डेंग्यूचा असू शकतो.

१३. ब्लड कल्चरच्या दोन बाटल्यांपैकी एकीतच जंतू आले. 'स्किन कंटॅमिनंट' म्हणून डॉक्टरांनी सोडून दिलं. रक्तात जंतू असताना सोडायचं कसं?

सुई कातडीतून जाते, आणि कातडी कितीही पुसली तरी तिच्यावर रहिवासी असतात. कोएग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा त्यातला मुख्य. एकाच बाटलीत, तेही उशिरा, तो आला तर तो बहुधा कातडीचा. दोन वेगवेगळ्या हातांतून घेतलेल्या बाटल्यांमध्ये आला तर मात्र गंभीर, विशेषतः हृदयात कृत्रिम झडप किंवा शिरेत जुनी नळी असेल तर. दोनदा टोचतात ते यासाठीच. लोकांना वाटतं बिल वाढवतात.

काही नावं एका बाटलीत आली तरी सोडायची नसतात: स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय, साल्मोनेला, कँडिडा ही बुरशी.

आणि रक्त पुरेसं द्या. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर लागतं, कारण मिलिलिटरमागे जंतू एखादाच असतो, कधी तोही नाही. '२ मिलीच घ्या, फार रक्त काढता' असं म्हणणारे नातेवाईक नकळत रिपोर्ट निगेटिव्ह करून घेतात.

१४. विडालमध्ये 'टायफॉइड निघाला' आहे, १:१६०. सलाइन लावू का?

या पानावर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

विडाल टेस्ट जंतू शोधत नाही. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं मोजते. फर्नां विदाल यांनी ती १८९६ मध्ये मांडली. रिपोर्टमध्ये टीओ, टीएच, एएच, बीएच अशा चार ओळी असतात, पहिल्या दोन टायफॉइडच्या, पुढच्या दोन पॅराटायफॉइड ए आणि बी च्या. १:१६० म्हणजे रक्तातलं सीरम १६० पट पातळ करूनही प्रतिक्रिया दिसली.

अडचण अशी की आपल्याकडे पाणीपुरीपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळीकडे या जंतूची ओळख होत असते. लस घेतलेली असते, जुना ताप येऊन गेलेला असतो. मलेरिया-डेंग्यूतही आकडा चढतो. धडधाकट माणसाचंही १:८० येऊ शकतं. शिवाय प्रतिद्रव्यं पहिला आठवडा उलटताना वाढतात, म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेला विडाल पॉझिटिव्ह आला तरी आणि निगेटिव्ह आला तरी निरर्थक. नियमाने ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत आणि आकडा चौपट चढला तर मानावं. गेल्या कित्येक वर्षांत असा दुसरा नमुना द्यायला आलेले लोक मी बोटांवर मोजेन.

भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकआधी. तीही खऱ्या टायफॉइडमध्ये निम्म्याच्या आसपासच पकडते, पण पकडते तेव्हा जंतू हातात येतो आणि कोणतं औषध चालेल ते कळतं. 'मला दरवर्षी पावसाळ्यात टायफॉइड होतो' असं सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारते, कल्चरमध्ये कितीदा आला? उपचारानंतर 'उतरला का बघू' म्हणून विडाल पुन्हा करू नका, आकडा महिनोन्‌महिने वर राहतो.

१५. तिसऱ्या दिवशी डेंग्यू एनएस१ निगेटिव्ह आला. म्हणजे डेंग्यू नाही?

नाही असं म्हणता येत नाही. एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन, ते तापाच्या पहिल्या ५ दिवसांत सापडतं. आधी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर ते लवकर नाहीसं होतं. पाचव्या दिवसानंतर आयजीएम (नव्या संसर्गात आधी बनणारी प्रतिद्रव्यं) बघतात. फक्त आयजीजी (नंतर बनून टिकून राहणारी प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह असेल तर बहुधा जुनी ओळख. पट्टीवरच्या झटपट टेस्टपेक्षा एलायझा ही लॅबमधली तपासणी भरवशाची. सरकारी केंद्रांना आयजीएम एलायझाची किट्स पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून जातात.

रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं: डेंग्यूतला धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो. पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा.

१६. थुंकीच्या रिपोर्टमध्ये 'स्कँटी' आहे. थोडासाच टीबी आहे का?

'थोडा टीबी' असं काही नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली १०० क्षेत्रांत मिळून १ ते ९ जंतू दिसले की स्कँटी, १० ते ९९ दिसले की १+. प्रत्येक क्षेत्रात १ ते १० असले तर २+, त्याहून जास्त तर ३+. स्कँटीही पॉझिटिव्हच. उलट निगेटिव्हचा अर्थ सुटका असा होत नाही, कारण मिलिलिटरमागे साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेला पडत नाहीत. कल्चर त्याहून कितीतरी कमी जंतू पकडतो, पण द्रव माध्यमात त्याला ६ आठवड्यांपर्यंत आणि घट्ट माध्यमावर ८ आठवड्यांपर्यंत वाट बघावी लागते.

'नमुना लाळेचा आहे' म्हणून परत आला तर रागावू नका. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका हवा. तो मोकळ्या हवेत काढा, बंद खोलीत नको.

१७. सीबीनॅटमध्ये 'ट्रेस' आलंय. आणि काकांचे सहा महिने पूर्ण झाले तरी त्यांचं पॉझिटिव्ह कसं?

सीबीनॅट आणि ट्रूनॅट जंतूचा डीएनए शोधतात आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का तेही काही तासांत सांगतात. ट्रूनॅट आपल्या शेजारचं, गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. 'ट्रेस' म्हणजे डीएनए अगदी निसटता सापडला. त्यात रिफॅम्पिसिनबद्दल काही सांगता येत नाही, म्हणून त्यापुढे 'इंडिटरमिनेट' लिहितात. त्याचा अर्थ प्रतिरोध आहे असा नाही. लहान मुलं आणि एचआयव्ही असलेल्यांत ट्रेसला पॉझिटिव्ह मानतात. पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांत ते जपून वाचावं लागतं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मेलेल्या जंतूचाही डीएनए उरतो. म्हणून उपचार लागू पडतोय का हे बघायला सीबीनॅट नसतंच. त्यासाठी थुंकीची स्लाइड आणि कल्चर.

१८. सकाळी एका लॅबमध्ये ई. कोलाय, संध्याकाळी दुसरीत 'नो ग्रोथ'. खरं कुणाचं?

दोघांचं असू शकतं. मधल्या वेळात गोळी घेतली का, पाणी किती प्यायलं, नमुना कसा धरला आणि किती वेळ ठेवला हे आधी तपासा (प्रश्न ५ आणि ७). प्रश्न एस-आरच्या फरकाचा असेल तर दोन्ही रिपोर्टच्या तळाशी एकच पुस्तक आहे का ते बघा (प्रश्न ८). लॅबला एनएबीएल (लॅबची गुणवत्ता तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असेल तर ती त्या विशिष्ट तपासणीसाठी आहे का हेही विचारता येतं, काहींना फक्त रक्त-साखरेसाठी असते.

१९. बाळाची लघवी पिशवी चिकटवून घेतली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे.

पिशवीतल्या नमुन्याचा उपयोग एकाच बाजूने होतो. 'नो ग्रोथ' आलं तर विश्वास ठेवा. पॉझिटिव्ह आलं तर औषध सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञ नळीने किंवा धार पकडून दुसरा नमुना घेतील. बाळाला ताप असेल तर मात्र थांबू नका, आजच दाखवा.

२०. आजोबांना महिनाभर कॅथेटर आहे, लघवीत कँडिडा आलाय. बुरशी रक्तात जाईल का?

नळी असली की तिच्यावर जंतू-बुरशी बसणारच. ताप नसेल तर बहुतेकदा नळी बदलणं किंवा काढणं हाच उपचार. नमुना घेताना जुन्या पिशवीतली लघवी देऊ नका. नळी बदलून नव्या नळीतून घ्यावी. प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर गणित बदलतं.

२१. गेल्या वर्षीचा रिपोर्ट आहे, त्रास तोच. त्यातलं 'एस' औषध मेडिकलमधून घेऊ का?

नका घेऊ. जंतू तोच असेल असं नाही, आणि तोच असला तरी मधल्या अँटिबायोटिकांनी तो शिकलेला असतो. २०१४ पासून बरीचशी अँटिबायोटिकं एच-१ या यादीत आहेत. दुकानदाराला चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. जुना रिपोर्ट फेकू मात्र नका. नव्या कल्चरचं उत्तर येईपर्यंत काय सुरू करावं हे ठरवताना डॉक्टरांना तोच लागतो.

२२. रिपोर्टचा फोटो पाठवला तर बघाल का?

बघू, पण दोन्ही पानांचा पाठवा. दहातले सहा फोटो पहिल्या पानाचे असतात, आणि औषधांची यादी दुसऱ्यावर असते. नमुना कशाचा, कधी घेतला, त्याआधी कोणती गोळी चालू होती, ताप आहे का, बाई असेल तर गरोदर आहे का, एवढं सोबत लिहा. आणि फोटो काढताना रिपोर्ट पंख्याखाली धरू नका. मागच्या आठवड्यात आलेल्या एका फोटोत एस आहे की आर, हे ओळखण्यात आमची अर्धी दुपार गेली.